चौदा अंशांचं पाणी

गुरुवारी दुपारी दोन वाजता थोरा बियार्नसनने प्रयोगशाळेतल्या, नमुने ठराविक तापमानाला ठेवणाऱ्या वॉटर बाथचा तापमापक पाहिला. पस्तीस अंश. विनिपेग सरोवराचं पाणी त्या आठवड्यात चौदाच्या वर गेलं नव्हतं.

शेवाळाला फॉस्फरस मिळेनासा झाला की ते एक एन्झाइम जास्त बनवतं. त्याच्या कामाचा जोर मोजला की शेवाळ उपाशी आहे की पोटभर जेवलेलं, ते कळतं. पण ऊब दिली तर तेवढंच एन्झाइम कितीतरी वेगाने राबतं. प्रयोगशाळेचे प्रमुख प्लेट यांनी ती दिली होती. शेवाळ उपाशी आहे, सबब किनाऱ्यावरच्या डुकरांच्या शेडमधली फॉस्फरसने भरलेली घाण सरोवरात येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्या शेडबद्दलच्या संध्याकाळी सातच्या सुनावणीसाठी पाठवूनही दिला होता.

थोराने जाब विचारला.

"पस्तीसला रंग लवकर चढतो," प्लेट म्हणाले. "चौदाला धरून बसलो असतो तर आज काय दाखवलं असतं?"

"मग तुम्ही सरोवर मोजलंच नाहीत. हे भांडं मोजलंत."

तिने उरलेला नमुना मागितला. तो सकाळपासून तापत्या यंत्रावर पडून होता. बाटली हातात धरवेना. एवढ्या उष्णतेत एन्झाइमची घडी मोडते आणि पुन्हा बसत नाही.

तिचा मामा केटिल दारात उभा होता. सरोवरात मासेमारी करणारा माणूस, सुनावणीत बोलायला आलेला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मोडलं म्हणजे आकडा कमी येणार ना?" तो म्हणाला. "आणि कमी म्हणजे शेवाळ खाऊन माजलेलं. मग मोज की हेच."

"मामा, गप बस."

"माझ्या जाळ्यात मासे नाहीत, हिरवी पेज येते. आणि तुला सोवळं सुचतंय."

थोराने बाटली त्याच्यादेखत बेसिनमध्ये ओतली. प्लेट यांच्यावरचा राग ओसरला नव्हताच, त्यात आता मामावरचा मिसळला.

"ताजं आणून दे," ती म्हणाली.

"उत्तरेचा वारा सुटलाय."

"मला दिसतंय ते."

एक शिवी हासडून, दार आपटून तो धक्क्याकडे गेला.

तिने वॉटर बाथमध्ये बर्फ टाकून पाणी चौदावर आणलं. सुनावणी पुढे ढकलायला अध्यक्षांनी फोनवर नकार दिला.

साडेपाचपर्यंत वाऱ्यामुळे बाकीच्या सगळ्या नावा धक्क्याला परतल्या होत्या. केटिलची आली नव्हती.