बायकांच्या बाजूचा पडदा

रंभानं कालवणाची पळी पाहुण्याच्या पितळीकडे नेली आणि अंबुबाईनं तिच्या मनगटावर उलथनं हाणलं. चटका बसेल इतकं ते तापलेलं नव्हतं, पण आवाज झाला. जेवायला बसलेले तिघं पुरुष घास थांबवून बघू लागले. रंभानं पळी डाव्या हातातून उजव्यात घेतली, रस्सा हिंदकळला आणि पाहुण्याच्या गुडघ्यावर सांडला.

"पाहुण्याला तरी नीट हातानं वाढ," अंबुबाई म्हणाली.

"नीट हातानं वाढलं म्हणून तर सांडलं, आत्याबाई."

हळू म्हणाली, पण म्हणाली. रंभाचं हे असंच होतं. माहेरी कुणी तिला कधी अडवलं नव्हतं. विळा डाव्या हातात, जात्याचा खुंटा डाव्या हातात आणि काम एकदम चोख. दिघीला सासरी आली आणि हात आडवा आला. अंबुबाई काही दुष्ट सासू नव्हती. डावखुऱ्या सुनेनं वाढलेलं अन्न घराला लाभत नाही असं तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि तो शब्द खरा की खोटा हे बघण्याचं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं. म्हणून सणासुदीला, पंगत असली की, ती सुनेच्या डाव्या हाताला लुगड्याची चिंधी गुंडाळायची, आठवण राहावी म्हणून. बाकी कसल्याही कष्टाचं रंभाला काही वाटत नव्हतं. त्या चिंधीची मात्र तिला मनापासून चीड होती.

पुरुष पुन्हा आपल्या विषयावर गेले. पाहुणा म्हणजे ज्योतीराम, मराठवाड्यातून आलेला, रंभाच्या नवऱ्याबरोबर, सयाजीबरोबर पिंपरीच्या नव्या कंपनीत लागलेला. दोघंही सुट्टी मिळाली की सायकली मारत पुण्याला सिनेमाला जायचे.

"विलासकुमारची सर कुणाला न्हाई बघा, काका," ज्योतीराम रंभाच्या सासऱ्याला म्हणाला. "कोट घालून नुसता जिना उतरला, तरी समदं थेटर गप होतंय."

"जिना उतराय काय लागतंय?" भिमाजी म्हणाला. "आमचा मास्टर हैबती बुरुजावरनं उडी टाकायचा. खाली गादी न्हाई, का काय न्हाई."

"आबा, तुमच्या जुन्या शिनेमात माणसं मरतानासुदिक गात्यात," सयाजी हसला.

"मरताना गायाला छाती लागती. तुमचा कोटवाला मरतच न्हाई, नुसता खोकतोय."

चुलीपाशी बसलेल्या रंभाला राहवलं नाही. भोसरीच्या तंबूत मास्टर हैबतीचा जुना खेळ लागला होता, आणि ती तो सासूबरोबर नुकताच बघून आली होती. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच चाललं होतं.

"आन डाव्या हातानं तलवार चालवून सगळा दरवाजा एकट्यानं धरून ठेवतो, ते तुमच्या कोटवाल्याला जमंल का?"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग तिघंही हसत सुटले. भिमाजीला तर ठसका लागला.

"डाव्या? अगं, उजव्या हातात हुती की तलवार. डोळं मिटून बसली हुतीस का?" सयाजी म्हणाला.

"डाव्याच हातात. कमरेला म्यान उजवीकडं आन हात डावा. म्या नीट बघितलंय. आत्याबाई, तुमीबी हुता की."

अंबुबाई वाकून चूल फुंकत राहिली. धूर झाला, तरी फुंकतच राहिली.

"आपल्या खोडीला आता नटाची साक्ष काढतीया," सयाजी ज्योतीरामला म्हणाला. पाहुण्यापुढं बायको उलट बोलली हे त्याला लागलं होतं. "असं करू. उद्या त्योच खेळ हाय. समदे जाऊ. हात उजवा निघाला तर चिंधी रोज बांधायची, सणालाच न्हाई. आन परत तोंड उघडायचं न्हाई."

"आन डावा निघाला तर?"

"तर तुझ्या हाताला ह्या घरात कुणी बोलणार न्हाई."

"आत्याबाईंनी म्हणावं."

"म्हटलं बाई, म्हटलं," अंबुबाई धुरातून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बैलगाडी भोसरीत पोचली. तंबूत नेहमीची व्यवस्था होती. मधोमध दोन बांबूंना ताणलेला पांढरा पडदा, एका बाजूला मशीन आणि पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि पोरं. पडद्यावर बादलीनं पाणी मारायचे, म्हणजे ओल्या कापडातून चित्र पलीकडच्या बायकांनाही दिसायचं. बायकांनी सिनेमा बघायचा तर असाच, हे इतकं ठरून गेलेलं होतं की त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. सुरुवातीला अक्षरं आली की म्हाताऱ्या म्हणायच्या, मोडी असंल. वाचता कुणालाच येत नव्हतं.

दरवाज्याचा प्रसंग आला. मास्टर हैबतीनं पायरीवर पाय रोवला, म्यानातून तलवार उपसली. डाव्या हातानं. रंभाचा ऊर भरून आला. तिनं अंबुबाईचा गुडघा दाबला.

"बघितलं?"

"बघितलं," अंबुबाई म्हणाली.

तेवढ्यात पलीकडून सयाजीचं हसू ऐकू आलं, आणि मोठ्यानं शब्द, "बघ म्हणावं, उजवा!" रंभा ताडकन उठली. बसलेल्या बायकांमधून वाट काढत ती पडद्याच्या कडेला गेली, बांबूला धरून दोरी ओलांडली आणि पुरुषांच्या बाजूला उभी राहिली.

"ए बाई, तुमची बाजू तिकडं," मशीनवाला ओरडला. कुणीतरी शिट्टी मारली. ती हलली नाही.

समोर मास्टर हैबती लढत होता. उजव्या हातानं. तीच पायरी, तोच पागोट्याचा सुटलेला शेव, तेच लोळणारे शिपाई. रंभानं बांबूच्या कडेनं मान तिकडे घातली. तिकडे हात डावा. इकडे आणली, इकडे उजवा. तिनं असं पुन्हा पुन्हा केलं. मग तिच्या ध्यानात आलं. इतके दिवस तिला वाटत होतं, एवढा मोठा शूर माणूस आपल्यासारखा आहे. तो तिच्यासारखा नव्हता. सगळ्यांसारखाच होता.

ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली. उरलेला खेळ तिनं पाहिला, पण त्यात लक्ष नव्हतं.

गाडी दिघीच्या वाटेला लागली तेव्हा सयाजीनं विचारलं,

"मग? कंचा हात?"

"उजवा," रंभा म्हणाली.

"आता कसं. मग उद्यापासनं चिंधी."

"चिंधी बांधणार न्हाई."

कासरा धरलेल्या भिमाजीनं मागं वळून पाहिलं. ज्योतीराम उगाच बाहेर बघू लागला.

"पैज हरलीस की तू," सयाजी म्हणाला.

"हरले. त्याचा हात उजवा हाय, मला पटलं. माझा डावा हाय. त्याची साक्ष काढली ही माझी चूक झाली. आता मला कुणाचीच साक्ष नगं."

"आये, बघ काय बोलतीया."

अंबुबाई मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकली होती. "उजवा कसा? म्या डावा बघितला. समद्या बायकांनी बघितला."

"आपल्या बाजूनं उलटं दिसतंय, आत्याबाई. मशीन तिकडं. आपण पडद्याच्या पाठीमागं."

अंबुबाईनं खांद्यावरचा आपला पदर चाचपला.

"म्हंजे पदरबी उलटा?" अंबुबाईनं विचारलं.

"पदरबी."

"म्या आजवर समद्या नट्यांना गुजरातणी समजत हुते. उजव्या खांद्यावर पदर म्हणून."

पुरुष असे हसले की बैल बिचकले. भिमाजीनं डोळे पुसले. अंबुबाई हसली नाही.

"तुमाला ठावं हुतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"त्यात ठावं काय असायचंय? उलटी बाजू उलटीच दिसणार की."

"मग इतक्या वर्सांत सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलंस कुठं?"

अंबुबाईनं त्याच्याकडे पाठ फिरवली. सकाळी दळताना रोजच्या ओव्याही तिनं म्हटल्या नाहीत.

दुपारी ज्योतीराम पुन्हा जेवायला होता. पुरुष पाटावर बसले. विलासकुमार चांगला की मास्टर हैबती हे भांडण पुन्हा निघालं होतं, पण आज त्यात जोर नव्हता. सगळ्यांचं लक्ष चुलीकडे होतं.

"आये, चिंधी कुठाय?" सयाजीनं विचारलं.

अंबुबाईनं हातातल्या फडक्यानं तापलेला तवा धरून खाली उतरवला. ते फडकं म्हणजे तीच चिंधी होती, दोन घड्या घातलेली, काजळीनं काळी झालेली.

रंभा उठली. तिनं दुरडीतून भाकरी घेतली, डाव्या हातानं, आणि आधी ज्योतीरामला वाढली, मग सासऱ्याला. उलथनं अंबुबाईच्या हाताशीच होतं. रंभा नवऱ्यासमोर आली आणि तिनं भाकरी पुढं धरली. सयाजीनं पितळी मागं ओढली.

"आये, हे तुला चालतंय? उलट्या हाताचं?"

अंबुबाईनं उलथनं उचललं आणि त्यानं चुलीतला निखारा पुढं ओढला.

"उलटं दिसत असंल," ती म्हणाली, "तर उठ, आन ह्या बाजूला येऊन बस."

रंभा भाकरी धरून उभी होती. हात भाजत होता, पण तिनं तो बदलला नाही. ज्योतीराम मान खाली घालून जेवत होता. शेवटी सयाजीनं पितळी पुढं केली.