तपकिरी पडलेली प्रवाळं

बायको गेल्याचं कळलं तेव्हा वेल्डर एका फाटकाच्या बिजागरीला टाका मारत होता. रंगाच्या कारखान्यातून फोरमनचा फोन आला. बाई मिक्सरच्या पट्ट्यात सापडून गेल्या, ताबडतोब या. तो पोचला तोवर पट्टा कापून तिला बाहेर काढलं होतं. उजवा हात खांद्यापासून नव्हता. सांडलेल्या पिवळ्या रंगात रक्त मिसळून फरशीवर एक निराळीच छटा झाली होती. छटा जुळवणं हेच तिचं काम. वेल्डरच्या मनात आलं, हिला विचारावं, याला काय म्हणतात. मग त्याने सगळ्यांदेखत स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. दोनदा.

घरी माणसं जमली. पुढच्या खोलीत तिची खाऱ्या पाण्याची टाकी होती. आत जिवंत प्रवाळं, जांभळी, गुलाबी, निळी. आठ वर्षं तिने ती पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. वेल्डरची बहीण म्हणाली, "अशा वेळी ही कसली रोषणाई?" आणि टाकीवरच्या चारातले तीन दिवे तिने बंद केले.

महिनाभर तो टाकीजवळ गेला तो फक्त आटलेलं पाणी भरायला. एका सकाळी नीट पाहिलं, तर जांभळं-गुलाबी सगळं तपकिरी पडलेलं. कोपऱ्यातलं एक मात्र, पहिल्यापासून मळक्या फडक्यासारखं दिसणारं, ज्याला ती लाडाने भिकारीण म्हणायची, ते उरलेल्या एका दिव्याच्या मंद निळ्या उजेडात हिरवंगार पेटलं होतं.

त्याने तिची वही शोधली. त्यात लिहिलं होतं, 'उजेड कमी पडला की तपकिरी होतात, मरत नाहीत. उजेड वाढवायचा तर रोज दहा मिनिटं. एकदम दिला तर पोळून मरतात.'

मग तो रोज घड्याळ लावून दुसरा दिवा दहा-दहा मिनिटं वाढवू लागला. तिचं एवढं तरी जगवायचं, बाकी काही त्याला सुचत नव्हतं.

अकराव्या दिवशी तो कामावरून आला तर चारही दिवे ढणढण जळत होते आणि खुर्चीत मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ, रंगीत माशांचा दुकानदार. घराची एक किल्ली त्याच्याकडे असायची.

"काय दशा केलीत दाजी! उपाशी ठेवून काळी पाडलीत ताईची लेकरं."

"कधी लावलेस दिवे?"

"सकाळी आठला. उपकार माना."

प्रवाळं फिकट पडून लाळ सोडत होती.

"बंद कर. पोळतायत ती."

"मला शिकवता? माशांत हयात गेली माझी."

"गोड्या पाण्यातल्या. हे तुझं काम नाही."

"आणि तुमचं काम काय होतं? ताईला त्या मशीनच्या तोंडी कुणी दिलं?"

मेहुणा रागाच्या भरात बोलून गेला. त्याला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी तिला ताप होता. रजा टाकू का, असं तिने विचारलं होतं आणि वेल्डर म्हणाला होता, "जा, एवढ्याने काय होतंय."

वेल्डरने त्याच्या तोंडावर गुद्दा हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. मेहुण्याने डोकं खाली घालून त्याच्या पोटात धडक दिली. दोघं खुर्ची उलटवत जमिनीवर आले. वेल्डरने त्याचा गळा धरला, त्याने वेल्डरचा कान दातांत धरून फाडला. "सोड, भडव्या!" "तुम्ही सोडा आधी!" वेल्डरने त्याला उचलून फेकलं आणि मेहुणा कोपर पुढे होऊन टाकीच्या काचेत गेला.

पाणी भिंत कोसळावी तसं आलं. मेहुण्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत चिरून उघडा पडला होता. वेल्डरने शर्ट काढून तो करकचून बांधला. मेहुणा मात्र दुसऱ्या हाताने काचांतून प्रवाळं वेचत होता.

"खारं पाणी आहे का घरात?"

"मोरीत दोन कॅन आहेत."

"मग बघत काय बसलात? बादली आणा!"

त्याच बादलीच्या बाजूला बसून त्यांनी दवाखान्याच्या गाडीची वाट पाहिली. मेहुण्याला सव्वीस टाके पडले. दोन बोटं अजून वळत नाहीत.

सकाळपर्यंत सगळी प्रवाळं पांढरीफटक झाली. एक भिकारीण तेवढी बादलीत जिवंत आहे. नवी टाकी अजून आणलेली नाही. बायकोला तापात कामावर कुणी धाडलं, तेही वेल्डरने मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.