आवाजाचा दिवा

ऑपरेटर वामनरावांनी भोंग्याच्या वायरी उपसून पुन्हा खोचल्या, तरी पडद्यावरचा माणूस नुसते ओठ हलवत राहिला. शारदोत्सवाला जमलेली माणसं चुळबुळ करू लागली.

"फुकटच्या सिनेमात आवाज नसते का, बाप्पा?" मागून धावजीने विचारलं.

इंदुताई प्रोजेक्टरपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. गेली पाच वर्षं आर्णीच्या याच पटांगणात काचेवरची चित्रं कंदिलापुढे धरून त्या लोकांना समजावून सांगत; कधी चंद्राच्या कला, कधी हृदयाचे कप्पे. यंदा सरकारी प्रचाराची गाडी आली, आणि माहितीपटांची ओळख करून द्यायला कमिटीने माइक दिला तो नव्या ग्रामसेविकेला, विमलला.

"तिचं बोलणं लोकायले गोड लागते, बाई," अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले होते. "तुमचं कसं, नेमकं असते."

'नेमकं' हा शब्द इंदुताई तीन दिवस विसरल्या नव्हत्या.

विमलचा माइक चालू होता, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ठीक होता. फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असते. तिच्यातून उजेड टाकणारा छोटा दिवा तेवढा गेला होता. झाकणाच्या ज्या खाचेतून त्याचा उजेड दिसायला हवा, ती इंदुताईंना बसल्या जागेवरून काळी दिसत होती.

"काही समजते का, बाई?" वामनरावांनी घाम पुसत विचारलं.

इंदुताईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसू लागल्या.

"वायरीच पाहा," त्या म्हणाल्या.

विमलला फिल्ममधलं काही ठाऊक नव्हतं. तरी ती माइक घेऊन पडद्याजवळ गेली. इंदुताईंनी चष्मा चढवला. पडद्यावर एक फेटेवाला कपाशीच्या ओळीत वाकला होता.

"हे आपले धावजी," विमल माइकवर म्हणाली. "पहा, किती खुशीत कामाले लागले."

"माही बायको माहेरी गेली न," धावजी म्हणाला.

"म्हणूनच खुशीत आहेत."

पटांगण हसलं. मग बोंडातली अळी आली. विमलने तिला बिनबोलावलेली पाहुणी केलं, जेवू घातलं, निजवलं. कोषाला ती अंडं म्हणाली. इंदुताईंचे ओठ हलले, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. तांड्यावरच्या सुखीबाई कंदिलाच्या चित्रांना दरवर्षी डुलक्या घेत. आज त्या गुडघ्यांवर उठून बसल्या होत्या.

"मंग त्या पाहुणीचं काय झालं, पोरी? सांग न."

रीळ बदलताना वामनरावांनी प्रोजेक्टरच्या बाजूचं झाकण उघडलं.

"हात्तिच्या. आवाजाचा दिवाच गेलता."

त्यांनी नवा दिवा बसवला. भोंग्यातून एक भारदस्त आवाज हिंदीत बोलू लागला.

"बंद करा तो," सुखीबाई म्हणाल्या. "तिलेच बोलू द्या."

चार ठिकाणांहून तेच ऐकू आलं. पुंडलिकरावांनी हात हलवला आणि वामनरावांनी आवाज बारीक केला. मग वामनराव इंदुताईंकडे वळले.

"बाई, तुम्ही त इज्ञानाच्या. इतक्या जवळून हा इझलेला दिवा ध्यानात नाही आला?"

पुढच्या रांगेतले लोक मागे वळले. रीळ बदलताना तिथे आलेली विमलही माइक घेऊन उभी होती.

इंदुताईंनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं कळत नाही."

विमल वाकली. माइकवर तळहात धरून हळूच म्हणाली, "असू द्या, बाई. सगळ्यायले सगळंच थोडी येते."

पुंडलिकरावांनी समजूतदारपणे मान हलवली.