आधी शून्य, मग वजन

जुना तर मी आहेच, मित्रांनो. पण मुळात मी एक वजनकाटा आहे. पोटात स्प्रिंग, तोंडावर गोल तबकडी आणि डोक्यावर पत्र्याची ताटली, एवढाच माझा संसार. कारखान्यातल्या तपासनीसाने माझी ताटली रिकामी ठेवून पाठीमागचा स्क्रू फिरवला आणि काटा शून्यावर आणला. "आधी शून्य, मग वजन," तो शेजारच्याला म्हणाला. मला मिळालेले शिक्षण तेवढेच.

पुढे मी एका केक करणाऱ्या बाईंच्या ओट्यावर आलो. ते माझे सुखाचे दिवस. मैदा, साखर, लोणी यांनी ताटली सतत भरलेली असे. गिऱ्हाइके म्हणत, "ताई, तुमचा केक म्हणजे नुसता कापूस!" बाई माझ्याकडे बोट दाखवून हसत, "श्रेय या म्हाताऱ्याचं."

मग त्यांच्या मुलीचे, छकुलीचे, पोट दुखू लागले. जेवली की ती पाय पोटाशी घेऊन पडून राही. बाईंच्या थोरल्या बहिणीने फोनवरच निदान करून टाकले. "अगं, गहू आणि साखर बंद कर. डॉक्टर काय, हातभर चाचण्या लिहून देतात!" दोन्ही बंद झाले. दुखणे थोडे कमी झाले. कशामुळे, ते मला ठाऊक नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्यावर ते कोणालाच ठाऊक असू शकत नाही.

अखेर डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्यावर बाई नवऱ्याला सांगू लागल्या, "त्या म्हणाल्या, रक्त तपासण्याआधीच गहू का सोडलात? गहू पोटात जात नसेल तर त्याच्या त्रासाची खूण रक्तात दिसत नाही, म्हणून आता अहवाल चांगला आला तरी त्यावर विसंबता येणार नाही. खात्री हवी असेल तर काही आठवडे रोज गहू खाऊ द्या, मग तपासू."

दुसऱ्या दिवसापासून पावाची चकती माझ्यावर तोलली जाऊ लागली. आठवडाही उलटला नाही, तोच छकुली कळवळली. बाईंनी उरलेला पाव कचऱ्यात टाकला. भीतीने माणसाचे हात फार चपळ होतात.

त्यानंतर ओट्यावर तांदळाचे पीठ, बटाट्याचे स्टार्च आणि चिकटपणासाठी इसबगोल आले. मी अचूक मोजत होतो. पण गव्हातल्या चिकट प्रथिनाची जाळी नसेल तर पिठात हवा टिकत नाही, आणि साखर नसेल तर ओलावा टिकत नाही. केक विटेसारखे निघत. पोट पुन्हा दुखले की मावशीचा फोन येई. दूध गेले. मग अंडी गेली. माझ्या ताटलीतले जिन्नस कमी होत गेले, तशी छकुलीची मनगटेही बारीक होत गेली.

"आता हवाच उरली," एकदा नवरा म्हणाला. "तीही गाळून देऊ का?"

"थट्टा सुचतेय तुला! तिचं पोट शेकायला मीच बसते ना!"

दोघांचेही खरे होते, आणि त्यामुळे काहीच सुटत नव्हते.

छकुलीच्या वाढदिवशी बाईंनी तरीही केक केला. मैत्रिणींनी एकेक घास घेऊन बशा हळूच बाजूला सारल्या. छकुलीने मात्र आपला तुकडा संपवला. "मस्त झालाय गं आई," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी नको करूस. तू फार दमतेस."

सगळे गेल्यावर तिने बाबांच्या पुड्यातली पावाची चकती आणून माझ्या ताटलीत ठेवली.

"घे मोजून. मी खाईन रोज. दुखलं तर दुखलं. कळेल तरी एकदाचं!"

बाईंनी काट्याकडे पाहिले. मग चकती उचलून घेतली.

"नको गं राणी, मला नाही बघवत. पुढच्या महिन्यात बघू."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालीस," छकुली म्हणाली आणि बशा गोळा करू लागली.

आता मी माळ्यावर आहे. मोजावे असे खाली फारसे उरलेले नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात, म्हणून मीही मागतो. मला पुसले नाहीत तरी चालेल. पण कुणाच्या ताटातून एखादा पदार्थ काढण्याआधी तो का काढता आहात, हे तपासून घ्या. नंतर तपासणे फार जड जाते.

माझी ताटली रिकामी आहे, तरी काटा शून्याच्या थोडा पुढे सरकला आहे. धुळीमुळे, असे म्हणायला बरे वाटले असते. पण धुळीला तेवढे वजन नसते. स्प्रिंग थकली आहे.

खाली छकुली पुन्हा कण्हते आहे, आणि फोन वाजतो आहे.