धवळं डोकं

मानमोडीच्या तापातून आमचा लोटन वाचला, पण पंचविशीतच त्याचं डोकं आणि मिशी पांढरीफटक झाली. तेव्हापासून तो आख्ख्या प्रकाशा गावाला शहाणा वाटू लागला. बैल घ्यायचा असो की बांधाचं भांडण, आधी लोटनला विचारायचं. लोटन मिशीवरून हात फिरवून "दखूत", म्हणजे बघू, एवढंच म्हणे, आणि लोक "काय मानूस शे!" म्हणत घरी जात. तापाआधी हेच "दखूत" ऐकून त्याला सगळे येडा म्हणायचे.

ही कीर्ती लोणखेड्याला पोचली. तिथल्या भटू पाटलांनी आपल्या लेकीसाठी, कमलसाठी, त्याला बघायला येतो असा निरोप धाडला. कमलला लोटननं जत्रेत पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. त्याची आई भिकुबाई मात्र घाबरली. पांढऱ्या डोक्याला पोरगी कोण देणार? तिनं वाहिद अत्ताराकडून मेंदी आणि नीळ आणून पोराचं डोकं, मिशी काळीभोर करून टाकली.

भटू पाटील आले. गूळपाणी झालं. लोटनला नीट न्याहाळून त्यांनी विचारलं, "पोऱ्या, तुन्हा मोठा भाऊ कोठे शे? तो धवळा केसना, शाहना? मले त्यालेच पोर देवानी शे."

लोटननं तोंड उघडलं, पण भिकुबाई त्याच्याहून चपळ. "मोठा तळोदाले गयेल शे. पुढला महिनाले या."

आता कलप उतरायची वाट कोण बघणार? लोटननं न्हाव्याला बोलावून डोकं सफाचट करून घेतलं. मिशीही काळीच, म्हणून तीही गेली. मायलेक स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश. बाप कधीच वारलेल्या पोरानं डोकं-मिशी उतरवली की लोक काय समजतात, हे एवढ्या शहाण्याला सुचलं नाही. अक्कल केसांबरोबरच गेली असावी. शहाद्याच्या बाजारात त्याचं बोडकं डोकं दिसलं आणि बातमी लोणखेड्याला गेली.

महिन्यानं भटू पाटील आले ते खाली मान घालून. ओट्यावर टेकत म्हणाले, "भिकुबाई भलती चांगली बाई व्हती..."

समोर भिकुबाईच पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पाटील किंचाळलेच.

"मी जित्ती शे, पाटीलबा! आनि हाऊ दखा मन्हा लोटन." तिनं पोराच्या डोक्यावरची टोपी ओढली. खाली नवे पांढरे खुंट उगवले होते.

पाटलांनी कपाळाला हात लावला. "आते काय उपेग? आम्हले समजनं, म्हातारी गई. मयत व्हयेल घरमा वरीसभर लगीन नई. पोर किती दिन थांबाडू? शहादाना एक बिजवरले दिधी."

"केवढा शे तो?" लोटननं विचारलं.

"पन्नाशी वलांडेल शे. पन डोकं कसं धवळंफेक! शाहनाच व्हई."

लोटन टोपी घालून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. पाटलांनी चहा मागितला.

कमलला काय वाटतं ते कोणी विचारलं नाही. तिचे केस काळे होते ना.