मुंजाजीचा मृदंग

मित्रांनो, हट्टा गावाजवळच्या एका वाडीत, मारुतीच्या देवळात कपाटावर कित्येक वर्षं धूळ खात पडून राहिलेला जुना मृदंग म्हणजे मी. माझं खोड शिसवीचं आणि कातडं मुंजाजीच्या कळपातल्या बकरीचं. मुंजाजी दिवसभर शेळ्यामेंढ्या राखायचा आणि संध्याकाळी आवाज घुमावा म्हणून माझ्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावून मला मांडीवर घ्यायचा.

आधी भजन व्हायचं, मग ज्ञानबा पोथी वाचायचा. दिवसभराची भांडणं, बाजारभाव, सगळं डोक्यात घेऊन माणसं येत. माझ्या ठेक्यावर ती हळूहळू निवत. मग देवाचा शब्द त्यांच्यात मुरायचा.

मुंजाजीची सून दिपाली दाराशी बसून मांडीवर ठेका धरायची. एकदा तिने धीर करून विचारलं, "मामा, मलाबी शिकवा की."

"बायामाणसानं मृदंगाला हात लावू न्हाई," तो म्हणाला. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं, पण मी बोलणार कसा? मला तर दुसऱ्याचा हात लागतो.

पुढे मुंजाजीला लकवा मारला. डावा हात लुळा पडला, जीभ जड झाली. देवळात स्पीकर आला, भजन मोबाइलवर वाजू लागलं. पोथी अर्ध्यावर असताना माणसं उठून जाऊ लागली. ज्ञानबा एकदा म्हणाला, "कानात जाऊन राहिलंय, आत न्हाई जात." माझी कणीक मात्र कुणी खरवडली नाही. तिच्या वासाने उंदीर आले आणि त्यांनी डावं तोंड कुरतडलं.

गेल्या महिन्यात मुंजाजीने मला घरी मागवलं. दिपालीला जवळ बसवून तिचा हात त्याने आपल्या उजव्या हाताने माझ्या उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर ठेवला.

"चुकलो गं माय," तो कसाबसा म्हणाला.

"कातडं नवं बसवू, मामा. तुमी बोल सांगा," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. "धा" एवढाच बोल आला. पुढचे बोल ओठांवर अडखळले, लाळ गळली. दिपालीने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि तो अडला तिथंच, माझ्या कुरतडलेल्या तोंडातून निघेल तसा अर्धामुर्धा "धा" पुन्हापुन्हा वाजवत राहिली.

मित्रांनो, वाद्यं पुसून ठेवा, कणीक खरवडून काढा. पण शिकायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नका. माझं कातडं उद्याही बदलता येईल. मुंजाजीचे बोल आता कुणाकडून आणायचे?