कारणाचा रकाना

सकाळचे ऊन आधी मिनेसोटातल्या आमच्या तळ्यावर आले, मग खिडकीतल्या जिरेनियमवर रेंगाळले, आणि अगदी सावकाश सेल्मर आजोबांच्या तव्यावर उतरले. आजोबा शीळ घालत पॅनकेक उलटत होते.

माझ्या हातात विमा कंपनीचे पत्र होते. म्हातारपणीच्या देखभालीचा, बावीस वर्षे चालवलेला त्यांचा विमा हप्ता न भरल्याने बंद पडला होता. सोबतच्या अर्जात आजारामुळे विसर पडला असे कळवले, तरच तो पुन्हा सुरू होणार होता. आणि आज शेवटचा दिवस होता. मी पत्र आजोबांना मोठ्याने वाचून दाखवले.

“विसरलो? छे! मुद्दाम सोडला,” आजोबा म्हणाले. “मला कोण सांभाळणार? अजून मीच तुला खाऊ घालतोय, लुकड्या!”

मी खळखळून हसलो. महिनाभर हेच उत्तर मी उराशी धरून बसलो होतो.

त्यांनी माझ्या पॅनकेकवर मेपलचा पाक सढळ हाताने ओतला, माझे केस विस्कटले, आणि समोर बसून कौतुकाने विचारले, “अरे वा, पत्र! कुणाचं रे?”

मी पेन उघडले. कारणाच्या रकान्यात लिहिले : आजोबा विसरतात.